खिडकीच्या चौकटीचा रंग

नवे घर बांधून झाले म्हणजे खिडकीच्या चौकटीला कोणता रंग द्यावा यावर घरात जेवढा खल होतो, तेवढा त्या खिडकीतून काय दिसावे यावर होत नाही. यात नवल नाही. खिडकीबाहेरचे जग आपल्या हाती नसते. चौकट मात्र आपली असते. आज बहुतेक घरांत जगाकडे उघडणारी आणखी एक खिडकी आली आहे, ती म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील ब्राउझर. त्याच्या वरच्या पट्टीचा, टॅबांचा, पत्ता लिहिण्याच्या चौकोनाचा आणि कोऱ्या पानाचा रंग बदलण्याची जी सोय असते तिला 'थीम' म्हणतात. आम्ही तिला या लेखापुरते 'वेश' म्हणू. वरवर पाहता हा विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु पोरखेळातूनही कधी कधी घरातल्या मोठ्या गोष्टी उजेडात येतात. गेल्या महिन्यात आमच्याकडे आलेले एका वाचक भगिनींचे पत्र हे त्याचे उदाहरण होय.

या भगिनी आपल्या बडोद्याच्याच. त्यांचे सासरे ७८ वर्षांचे असून रोज सकाळी चहा झाला की संगणकावर मराठी वृत्तपत्रे वाचतात. वीज-बिल भरणे, निवृत्तिवेतन जमा झाले की नाही ते पाहणे, हीही कामे ते स्वतःच करतात. एके दिवशी सकाळी त्यांनी ब्राउझर उघडला तो वरची सारी पट्टी गर्द जांभळी झालेली! टॅबांवरची नावे दिसेनात. आपल्या हातून काही भलतेच बटण दाबले गेले, नाहीतर यंत्रात काहीतरी शिरले, असे त्यांना वाटले. त्यांनी पुढे दोन दिवस संगणकाला हात लावला नाही. भगिनी लिहितात, "मामंजी म्हणतात, माझ्या हातून बिघडले असेल तर दुरुस्तीचा खर्च मीच देईन. त्यांना कसे समजावू? कोणीही काही केलेले नाही, मग रंग आपोआप कसा बदलला?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी वेश म्हणजे नेमके काय, हे थोडे पाहिले पाहिजे.

ब्राउझरचा इतिहास फार जुना नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर रचला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'मोझाइक' तयार झाला आणि सामान्य माणसाला या जाळ्याची ओळख झाली. मोझाइकच्या पानाची पार्श्वभूमी राखाडी असे, आणि त्या राखाडी रंगाविषयी फारशी कोणाची तक्रार नसे. पुढे २००० साली आलेल्या नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत 'क्लासिक' आणि 'मॉडर्न' असे दोन वेश देण्यात आले. २००४ साली फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिच्यात वेश रचणाऱ्या हौशी मंडळींना जवळजवळ पूर्ण मुभा होती. बटणांचे आकार, कोपऱ्यांची गोलाई, चित्रे, काहीही बदलता येई. मात्र ब्राउझरची आतली रचना बदलून नवी आवृत्ती आली की जुना वेश कुठे ना कुठे उसवे. २०१० च्या जानेवारीत फायरफॉक्सने 'पर्सोना' नावाचे हलके वेश अंगभूत केले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीचे संपूर्ण वेश बंद झाले. क्रोम हा ब्राउझर २००८ साली आला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत वेशांची सोय झाली. त्याचे वेश मात्र पहिल्यापासूनच मर्यादित आहेत.

सारांश, आज वेश म्हणजे रंगांची एक यादी आणि फार तर एक-दोन चित्रे. त्यात चालणारी आज्ञावली नसते. वेशाने पट्टी निळी होईल, कोऱ्या पानावर हिमालय दिसेल. पण वेश तुमचे पत्र वाचू शकत नाही की पासवर्ड चोरू शकत नाही. तेव्हा आजोबांच्या संगणकात काही शिरले ही भीती निराधार होती. परंतु रंग आला कोठून?

आम्ही भगिनींना उलटटपाली एवढेच विचारले, "त्या ब्राउझरमध्ये खाते कोणाचे आहे?" उत्तर आले, ते आमच्या अपेक्षेप्रमाणेच होते. नातू शिक्षणासाठी पुण्याला गेला. जाण्यापूर्वी त्याने मोठ्या मायेने आजोबांचा संगणक नीट लावून दिला आणि घाईत स्वतःच्याच खात्याने ब्राउझर उघडून ठेवला. आजोबा तीन वर्षे त्याच खात्यात वावरत आहेत. एका खात्याने दोन ठिकाणी प्रवेश करून 'सिंक' म्हणजे जुळवणी चालू ठेवली की एका संगणकावरच्या गोष्टी दुसऱ्यावर येतात, आणि त्यांत वेशही असतो. पुण्यात नातवाने आपल्या लॅपटॉपला जांभळा रंग दिला. तो बडोद्यात आजोबांच्या टेबलावर उमटला. दूरध्वनीवर नातू हसत म्हणाला म्हणे, "आजोबा, मी तर फक्त माझाच रंग बदलला!"

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही, असे आम्हांस वाटते. जी वाट रंगाने चोखाळली तीच वाट इतर गोष्टींनाही मोकळी असते. खुणेची पाने, भेट दिलेल्या स्थळांची यादी आणि जपून ठेवलेले पासवर्ड, ही सारी त्याच जुळवणीने इकडून तिकडे जातात. आजोबांनी बँकेचा पासवर्ड टाकताना ब्राउझरने विचारले असेल, 'हा जपून ठेवू का?' आजोबांनी भाबडेपणाने 'होय' म्हटले असेल. तो पासवर्ड तेव्हापासून नातवाच्या खात्यात आहे. नातू सज्जन आहे, यात शंका नाही. पण त्याचा लॅपटॉप वसतिगृहाच्या खोलीत उघडा राहतो, मित्र हाताळतात, उद्या तो हरवेल किंवा विकला जाईल. तेव्हा जांभळ्या रंगाचे एका परीने उपकारच मानले पाहिजेत. पासवर्ड गेला तर तो गुपचूप जातो. रंग बदलला तो निदान डोळ्यांना दिसला.

उपाय अवघड नाही. त्याच ब्राउझरमध्ये आजोबांसाठी स्वतंत्र प्रोफाइल करावे आणि ते त्यांच्या स्वतःच्या खात्याला जोडावे, अथवा कोणत्याच खात्याला जोडू नये. जुन्या खात्यातून नुसते बाहेर पडणे पुरेसे नाही. त्यात जपलेले पासवर्ड तिथेच राहतात. म्हणून नातवाने आपल्या खात्यातील आजोबांचे पासवर्ड शोधून काढून टाकावेत आणि आजोबांनी बँकेचा पासवर्ड बदलावा. ही दोन्ही कामे एका संध्याकाळी, दूरध्वनी कानाला लावून, होण्याजोगी आहेत.

आता वेशाच्या नावाखाली येणाऱ्या दुसऱ्याच एका पाहुण्याविषयी सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेश घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा आपण हसतो, त्याच्या झोळीत चार दाणे घालतो. पण त्याच्या हाती कपाटाची किल्ली देत नाही. ब्राउझरच्या बाजारात वेशांच्या शेजारीच 'एक्स्टेंशन' नावाच्या जोडण्या मिळतात. 'दररोज नवे सुंदर चित्र', 'आवडत्या नटाचे छायाचित्र', 'देवदर्शन' अशा नावांनी येणाऱ्या कित्येक वस्तू वेश नसून जोडण्या असतात. त्या कोऱ्या पानाची जागा घेतात आणि काही लबाड जोडण्या आपले शोधयंत्रही परस्पर बदलतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. निव्वळ वेश तुमच्याकडे परवानगी मागत नाही. जी वस्तू 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचण्याची व बदलण्याची' परवानगी मागते ती केवळ रंग देण्यासाठी आलेली नाही. सगळ्याच जोडण्या वाईट असतात असे मुळीच नाही. परंतु चित्रासाठी किल्ली देऊ नये, एवढा नियम घरातल्या मुलांना घालून द्यावा.

वेशाच्या चर्चेत हल्ली सर्वांत अधिक बोलबाला आहे तो गडद वेशाचा, म्हणजे काळ्यावर पांढऱ्याचा. प्रारंभीच्या कित्येक संगणकांचे पडदे काळे आणि अक्षरे हिरवी वा नारिंगी असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही तऱ्हा नवी वाटणार नाही. २०१८ साली ॲपलने आपल्या संगणकांना संपूर्ण गडद रूप दिले आणि २०१९ मध्ये मोबाईलही त्या मार्गाने गेले. त्याच वर्षी सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिन्ही ब्राउझरांत अशी सोय आली की, वाचकाला गडद रूप हवे की उजळ, हे संकेतस्थळाला विचारता यावे. त्यामुळे आता केवळ चौकटच नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी आतले पानही काळे होते.

गडद वेशाने वीज वाचते असे म्हणतात. ते अंशतः खरे आहे. ज्या पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, अशा ओएलईडी पडद्यावर काळा बिंदू म्हणजे विझलेला दिवा. साध्या एलसीडी पडद्याच्या मागे मात्र एकच दिवा सतत जळत असतो. पुढे काळे दाखवा की पांढरे, त्याला फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली ओएलईडी मोबाईलवर मोजणी केली. पडद्याचा प्रकाश पूर्ण असताना गडद रूपाने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. परंतु प्रकाश ३० ते ५० टक्के असताना, म्हणजे घरात आपण सामान्यतः ठेवतो तितका असताना, बचत अवघी ३ ते ९ टक्के भरली.

विजेपेक्षा डोळ्यांचा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. उजळ पानाकडे पाहताना बाहुली आकुंचित होते आणि प्रतिमा रेखीव उमटते. काळ्या पानाकडे पाहताना बाहुली विस्फारते, आणि मग दृष्टीतले दोष, विशेषतः तिरकस नंबर असणाऱ्यांचे, अधिक जाणवतात. पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसू लागते. याउलट ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आहे त्यांना पांढऱ्याशुभ्र पडद्याचा झगमगाट असह्य होतो. त्यांना काळे पान सुखाचे वाटते. म्हणजे एकाच घरात, एकाच वयाच्या दोन माणसांना दोन वेगळे वेश हितकर असू शकतात. अमुकच चांगला, असा दंडक कोणी घालू नये.

त्यातही आपल्या देवनागरीचे एक विशेष आहे, आणि मराठी शिकविण्यात हयात गेलेल्या माणसाला ते नजरेआड करता येत नाही. काळ्यावरची पांढरी रेघ असते त्याहून जाड भासते. रोमन अक्षरांना हे सहज सोसते. आपल्याकडे मात्र 'घ' आणि 'ध' यांत, 'म' आणि 'भ' यांत भेद केवढासा? शिरोरेषेतली एक फट आणि एक गाठ. रेघ फुगली की फट बुजते, आणि मग धनाचे घन व भानाचे मान होते. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटला तर मंद मनुष्य मद होऊन बसतो. मोठी माणसे संदर्भाने वाचून नेतात. पण घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा तिहेरी वातावरणात वाढणारे आपले मूल संदर्भ कोठून आणणार? ते अडखळते, आणि दोनदा अडखळले की 'मराठी कठीण आहे' म्हणून पान मिटते. दोष भाषेचा नसतो, मुलाचाही नसतो. अक्षर पुरेसे मोठे नसते एवढेच.

काही जण म्हणतील, आपण सारे काळ्या पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीनेच शिकलो ना? शिकलो. परंतु पाटीवरचे अक्षर बोटाएवढे असे आणि एका पाटीवर मजकूर चार ओळींचा. सलग वाचनासाठी आपल्या पूर्वजांनी पाटी वापरली नाही. पोथी फिकट कागदावर काळ्या शाईने लिहिली. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून ते कागदाच्या रंगात मिसळून टाकीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. थोडे लिहायचे आणि पुसायचे तेव्हा पाटी. फार वाचायचे तेव्हा पोथी. पडद्याच्या बाबतीतही हा विवेक बाळगायला हरकत नाही. रात्री अंधारात दोन ओळींचा निरोप पाहायचा असेल तर काळा पडदा उत्तम. दिवाळी अंकातली दीर्घकथा वाचायची असेल तर फिकट पान आणि गडद अक्षर बरे. काळे पानच सुखाचे वाटत असेल तर अक्षर तरी मोठे करावे.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील फरक मोजण्याचे एक परिमाणही ठरलेले आहे. पांढऱ्यावर काळे हे गुणोत्तर २१ ला १ असे भरते. संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत यासाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असे प्रमाण सांगितले आहे. जांभळ्यावर करडे किंवा गुलाबीवर पांढरे असे नाजूक वेश डोळ्यांना मोहक दिसतात. पण या कसोटीला ते पुष्कळदा उतरत नाहीत. आजोबांना टॅबांची नावे दिसेनात ती म्हातारपणामुळे नव्हेत, त्या जांभळ्यावरील करड्यामुळे.

आपल्या बडोद्याला हा विचार परका नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले आणि राज्यात ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या दालनांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. इमारतीचा रंग कोणता असावा यापेक्षा पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचता आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. पडद्याचा वेश निवडताना हीच दृष्टी ठेवावी.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. क्रोममध्ये नवा टॅब उघडला की खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण दिसते. तीवर टिचकी मारली की बाजूला वेशांचे दालन उघडते. रंग, चित्र, उजळ की गडद, सारे तिथेच निवडता येते आणि नको झाले तर मूळ रूपही तिथेच परत मिळते. फायरफॉक्समध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांच्या यादीतून थीम्सच्या विभागात जावे. एजमध्ये सेटिंग्जमधील 'अपिअरन्स' पाहावे. सफारी स्वतंत्र वेश देत नाही. ती संगणकाच्या उजळ वा गडद रूपाप्रमाणे वागते. अक्षर मोठे करण्यासाठी विंडोजवर कंट्रोलची कळ दाबून अधिकची कळ दाबावी. कंट्रोल आणि शून्य दाबले की अक्षर पूर्ववत होते. वेश बदलण्याआधी हे एक करून पाहावे. अनेकदा तेवढ्यानेच काम भागते.

वेशाचा खरा उपयोग मात्र आम्हांस निराळाच वाटतो. ज्या घरात एक संगणक आणि चार माणसे, तिथे प्रत्येकाचे प्रोफाइल वेगळे करून प्रत्येकाला वेगळा, ठळक रंग द्यावा. आजोबांचा निळा, आईचा हिरवा, मुलीचा केशरी. पट्टी पाहताच आपण कोणाच्या खोलीत शिरलो आहोत हे कळते, आणि हिरवी पट्टी दिसली की आजोबा आपला बँकेचा पासवर्ड टाकण्यापूर्वी थांबतात. एवढे लक्षात ठेवावे की रंग ही खूण आहे, कुलूप नव्हे. एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात कोणीही सहज जाऊ शकतो. तसेच क्रोममधील 'इन्कॉग्निटो' ही खाजगी खिडकी नेहमी काळपट असते. आपला नेहमीचा वेशही काळाच ठेवला तर या दोहोंतला फरक पटकन लक्षात येत नाही. सार्वजनिक ठिकाणी संगणक वापरणाऱ्यांनी तरी हे ध्यानात ठेवावे.

आणि वेश बदलायला बसलोच आहोत तर भाषाही पाहावी. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत उपलब्ध आहेत. विंडोजवरील क्रोममध्ये सेटिंग्जच्या भाषा विभागात मराठी जोडून ब्राउझर त्या भाषेत दाखविण्यास सांगता येते. फायरफॉक्समध्येही सेटिंग्जमधून हे होते. त्याच ठिकाणी पसंतीच्या भाषांची क्रमवारी असते. ती संकेतस्थळांना कळविली जाते, आणि ज्या स्थळाला अनेक भाषा येतात ते त्या क्रमाने आपल्याशी बोलू शकते. मराठी पहिली, गुजराती दुसरी, असा क्रम लावायला दोन मिनिटे पुरतात. पट्टीला गणपतीचे चित्र लावणारी पुष्कळ घरे आम्ही पाहिली. त्यांपैकी फार थोड्या घरांत त्या पट्टीवरची अक्षरे मराठी होती.

असो. घरातल्या तरुण मंडळींना एक विनंती. तुमच्या स्वतःच्या पडद्याला हवा तो रंग द्या, रोज बदला. तो तुमचा आनंद आहे. परंतु वडीलधाऱ्यांच्या पडद्याला हात लावण्यापूर्वी त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसा. एखादे मराठी पान उघडा आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथे अक्षर वाढवा, रंग बदला, पुन्हा वाचायला सांगा. न अडखळता वाचू लागले की तोच त्यांचा वेश समजावा. आणि सरतेशेवटी तो ब्राउझर कोणाच्या खात्याने उघडलेला आहे, तेवढे पाहून मगच उठावे.